पाचपावलीची शाळा आणि किसन फागुजी बनसोडे

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरच्या भूमीवर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि आपल्या लाखो अनुयायांना ती दिली. त्यासाठी नागपूर का निवडले, याचा खुलासा त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात स्वतःच केला होता. नाग लोकांचा प्राचीन इतिहास त्यांनी त्यावेळी समाजापुढे ठेवला. तो इतिहास आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु इतिहासाचे अध्यापन करीत असताना आम्हांस वारंवार दुसराही एक प्रश्न पडतो. इतका मोठा समुदाय एका हाकेसरशी जमतो, शिस्तीने बसतो, प्रतिज्ञा समजून उच्चारतो आणि गावोगावी परतून त्या आचरणात आणू लागतो, हे एका दिवसात घडत नसते. त्यापूर्वी त्या शहरातील वस्त्यावस्त्यांत कोणीतरी अक्षरे शिकविलेली असतात, सभा भरविण्याची सवय लावलेली असते. नागपुरात हे काम करणाऱ्या पहिल्या फळीतील एक थोर पुरुष म्हणजे किसन फागुजी बनसोडे.

आमच्या पिढीने हे नाव ऐकलेले असले, तरी आज आपल्या विद्यार्थ्यांना ते क्वचितच ठाऊक असते. जयंतीच्या फलकांवर ते दिसत नाही. याचे एक कारण असे की, बनसोडे यांचा धर्मांतराला विरोध होता. ज्या समाजाची नवी ओळखच धम्मदीक्षेतून घडली, त्या समाजाने अशा माणसाचे स्मरण कसे करावे, हा प्रश्न अवघड आहे. तो टाळून त्यांचे चरित्र लिहिणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. म्हणून त्याचा विचार आम्ही या लेखात पुढे करणारच आहोत. आधी त्यांचे कार्य पाहू.

किसन फागुजी बनसोडे यांचा जन्म १८७९ साली नागपूर जिल्ह्यातील मोहपा या गावी एका महार कुटुंबात झाला. त्या काळातील विदर्भातील महार समाजाची स्थिती समजून घेतल्याशिवाय त्यांच्या कार्याचा अर्थ उलगडत नाही. पश्चिम महाराष्ट्रातील महारांपेक्षा येथील महारांचे एक वेगळेपण असे होते की, गावकीच्या कामांबरोबरच अनेक कुटुंबे हातमागावर जाडेभरडे कापड विणीत असत. गिरणीचे स्वस्त कापड बाजारात आले आणि हा व्यवसाय बसत गेला. जमशेटजी टाटा यांनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. ज्या यंत्राने माग बंद पाडले, त्याच यंत्रावर पोट भरण्यासाठी विणकरांच्या मुलांना जावे लागले. अशा रीतीने नागपुरात अस्पृश्य कामगारांच्या वस्त्या वाढल्या. गावकीचे बंधन तेथे सैल झाले, हाती रोख मजुरी येऊ लागली. परंतु विटाळ मात्र गिरणीच्या फाटकापर्यंत आणि फाटकाच्या आतही पाठीशी होताच.

अशा शहरात बनसोडे यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीच्या वर्षांत ‘सन्मार्ग बोधक निराश्रित समाज’ ही संस्था स्थापन केली. या नावातील ‘निराश्रित’ हा शब्द त्या काळी अस्पृश्य वर्गासाठी वापरला जाई. १९०६ साली मुंबईत विठ्ठल रामजी शिंदे यांनी स्थापन केलेल्या ‘निराश्रित साह्यकारी मंडळी’च्या नावातही तोच शब्द आहे. परंतु शिंदे यांची संस्था ही स्पृश्य समाजातील सहृदय माणसांनी अस्पृश्यांसाठी चालविलेली होती. नागपूरची संस्था निराश्रित म्हणविल्या गेलेल्यांनी स्वतःसाठी उभी केली होती. हा भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो. कोणाच्या आश्रयाची वाट न पाहता निराश्रितांनी स्वतःच सन्मार्गाचा बोध करावयाचा, ही कल्पना त्या काळात साधी नव्हती.

१९०७ साली बनसोडे यांनी नागपूरच्या पाचपावली भागात अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढली. या एका वाक्यामागे केवढे धैर्य आहे, हे आजच्या पालकांच्या ध्यानी यावे म्हणून थोडा तपशील देणे आवश्यक आहे. त्यावेळी १८९१ चा कारखाना कायदा लागू होता. त्या कायद्यान्वये नऊ वर्षांचे मूल गिरणीत कामाला लावता येत असे. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला सात तासांपर्यंत काम घेण्याची मुभा होती. मुलगी नऊ वर्षांची झाली की ती घरात चार पैसे आणू शकत होती, अथवा आई गिरणीत गेल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळून आईची मजुरी वाचवू शकत होती. अशा घरातील बापाला, तुझी मुलगी मला शाळेत दे, असे म्हणणे म्हणजे त्याच्या ताटातील भाकरीचा तुकडा मागण्यासारखे होते. या शाळेचा सामना केवळ सनातन्यांशी नव्हता. आपल्याच माणसांच्या दारिद्र्याशी, आणि मुलीला शिकवून काय करावयाचे या आपल्याच घरातील समजुतीशीही तिला झुंजावे लागले.

महात्मा जोतीराव आणि सावित्रीमाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ साली. त्या प्रवाहाचे पाणी नागपूरच्या गिरणीवस्तीपर्यंत पोहोचण्यास सुमारे साठ वर्षे लागली. ते आणणारा मनुष्य त्याच वस्तीतला होता आणि त्याने सुरुवात मुलींपासून केली, ही गोष्ट आम्हांस विशेष अभिमानाची वाटते.

शाळेनंतर बनसोडे छापखान्याकडे वळले. १९१० च्या सुमारास त्यांनी स्वतःचा छापखाना उभारला आणि वृत्तपत्र सुरू केले. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ १९०८ साली सुरू केले होते. बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ निघाले ते १९२० साली. या दोहोंच्या मधल्या काळात नागपुरात हा एकटा मनुष्य पत्रामागून पत्र काढीत होता. छापखाना स्वतःचा असणे याचा अर्थ असा की, आपल्या लेखणीतून उतरलेले शब्द छापावयाचे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाच्या हाती उरला नाही.

त्यांच्या पत्रांची नावे क्रमाने वाचली, तर त्यांच्या विचारांचा प्रवास आपोआप समोर येतो. पहिले पत्र ‘निराश्रित हिंद नागरिक’, १९१० चे. निराश्रित ही त्या दिवसांची वस्तुस्थिती होती आणि नागरिक हा हक्क होता. संविधान अस्तित्वात येण्याच्या चाळीस वर्षे आधी, परकीय राजवटीत, ज्यांना गावच्या विहिरीवर पाय ठेवण्याची बंदी होती त्यांना हा गृहस्थ या देशाचे नागरिक म्हणून संबोधीत होता. दुसरे पत्र १९१३ चे, ‘विटाळ विध्वंसक’. विटाळ सौम्य करावा, स्पृश्यांनी थोडी दया दाखवावी, असे या नावात काही नाही. विध्वंस हाच शब्द त्यांनी निवडला. तिसरे १९१८ चे, ‘मजूर पत्रिका’. महायुद्धाच्या अखेरीस महागाईने कामगारवर्ग जेरीस आला होता, त्याच वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीने देशभर हाहाकार उडविला होता. अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना होण्यास अजून दोन वर्षे अवकाश होता. अशा वेळी एक अस्पृश्य संपादक गिरणीतील मजुरांसाठी पत्र काढतो आणि एम्प्रेस मिलच्या कामगारांना संघटित करू पाहतो, ही घटना आपल्या कामगार चळवळीच्या इतिहासात आजवर जितक्या ठळकपणे नोंदली जावयास हवी होती तितकी नोंदली गेलेली नाही. जात आणि मजुरी या दोन्ही शृंखला एकाच पायात आहेत, हे त्यांना वस्तीत राहून कळलेले होते.

आपल्या आरंभीच्या लेखनात बनसोडे यांनी अस्पृश्य हे या भूमीचे मूळ रहिवासी असून बाहेरून आलेल्या आर्यांनी त्यांना जिंकून हीन दशेला नेले, अशी मांडणी केली. आर्य आक्रमणाच्या सिद्धान्ताविषयी पुढे बाबासाहेबांनी वेगळा निष्कर्ष काढला, हे आपण जाणतोच. परंतु १९१० च्या आसपास, पूर्वजन्मीचे पाप म्हणून आपण अस्पृश्य झालो, असे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले होते, त्यांना त्या मांडणीने एक नवे उत्तर दिले. आपली अवस्था दैवाने आलेली नाही, ती माणसांनी लादलेली आहे, आणि माणसांनी लादलेले माणसांना काढून टाकता येते. स्वाभिमानाचा आरंभ येथूनच होतो.

१९२० साली ३० मे ते १ जून या तीन दिवसांत नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. राजर्षी शाहू महाराज अध्यक्षस्थानी होते आणि तरुण बाबासाहेब तिला उपस्थित होते. अस्पृश्यांचे प्रतिनिधी इतरांनी निवडावेत ही कल्पना त्या परिषदेत नाकारली गेली. आपला प्रतिनिधी आपणच निवडू, असा आवाज तेथे उठला. सन्मार्ग बोधक समाजाच्या सभांत, ‘निराश्रित हिंद नागरिक’च्या आणि ‘मजूर पत्रिके’च्या वाचनात जी माणसे घडली होती, त्यांच्याच शहरात तो आवाज उठावा हा निव्वळ योगायोग नव्हता, असे आमचे मत आहे.

बनसोडे यांच्या कार्यातील आणखी एक धागा म्हणजे संत चोखामेळा. पाचपावलीच्या शाळेला चोखोबांचे नाव लाभले. पुढे १९३१ साली त्यांनी ‘चोखामेळा’ याच नावाचे पत्र काढले आणि ते १९३६ पर्यंत चालले. चोखोबांवर त्यांनी काव्यरचनाही केली. त्यांचे चोखोबा पायरीशी समाधान मानणारे नव्हते. आपल्या वारसांच्या मनातील भय घालवून त्यांना मंदिराच्या दारातून ताठ मानेने आत नेणारा पूर्वज, अशा रूपात त्यांनी चोखोबांना समाजापुढे उभे केले. नागपुरात चोखोबांच्या नावाने शाळा निघाल्या, वसतिगृह निघाले आणि त्या वसतिगृहात राहून आपल्या समाजातील विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या.

याच नागपुरात, याच नावाने, जाईबाई चौधरी यांनी १९२२ साली मुलींची शाळा काढली. उमरेडच्या या मुलीचा जन्म १८९२ चा. नागपूर स्थानकावर हमालाचे ओझे वाहून त्यांनी दिवस काढले. एका मिशनरी भगिनीच्या साहाय्याने त्या शिकल्या आणि मिशनच्या शाळेत दरमहा चार रुपयांवर शिक्षिका झाल्या. अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकविते असे कळताच सवर्ण पालकांनी शाळेवर बहिष्कार घातला आणि जाईबाईंची नोकरी गेली. त्यानंतर त्यांनी स्वतःचीच शाळा उभी केली. १९३७ च्या डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले असता भोजनाच्या वेळी जाईबाईंना वेगळे बसविण्यात आले. शिकलेल्या, सुधारक म्हणविणाऱ्या स्त्रियांच्या पंगतीत हे घडले. त्याच्या निषेधार्थ १ जानेवारी १९३८ रोजी अस्पृश्य स्त्रियांनी सभा भरविली. पाचपावलीत मुलींच्या हाती पाटी देऊन तेव्हा तीस वर्षे झाली होती. त्या मुलींच्या शहरातील स्त्रिया आता अपमान गिळून घरी परतत नव्हत्या.

आता त्या अवघड प्रश्नाकडे वळू. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून न मरण्याचा निर्धार जाहीर केला. पुढच्या वर्षी मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी धर्मांतराची सविस्तर मीमांसा केली. बनसोडे यांना हा मार्ग मान्य झाला नाही. वयाची साठी जवळ आलेली, दोन तपांहून अधिक काळ चोखोबांचे नाव घेऊन समाज उभा केलेला. ज्या नावाच्या आधाराने मुली शाळेत आल्या, ते नाव ज्या धर्मात जन्मले तोच सोडावयाचा, हे त्यांच्या अंतःकरणाला पेलले नाही. ते हिंदू धर्माच्या चौकटीतच राहिले आणि १९४६ साली त्यांचे निधन झाले.

या बाबतीत बनसोडे चुकले, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि त्याचा पुरावा इतिहासानेच दिला आहे. ज्या विठ्ठलाच्या महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे, त्या पंढरपूरच्या मंदिराचे दार अस्पृश्यांसाठी उघडले ते १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींनी प्राण पणाला लावल्यानंतर. म्हणजे चोखोबांच्या नावाने आयुष्य वेचणाऱ्या या भक्ताने डोळे मिटले तेव्हा ते दार बंदच होते. तीन तपांच्या सेवेचे हे फळ. नाशिकला काळाराम मंदिरासमोर पाच वर्षे उभे राहून बाबासाहेबांनी जे ओळखले, ते बनसोडे यांना मान्य करता आले नाही. जेथे माणूस म्हणून प्रवेश नाही तेथे ताटकळत उभे राहण्यात शक्ती घालवू नये. आपले घर आपण बांधावे, हा बाबासाहेबांचा धडा होता. आपण सर्व त्याच घरात वाढलो आहोत.

परंतु बनसोडे चुकले म्हणून त्यांना वगळावे काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. तथागतांनी कालामांना जो उपदेश केला, तो कोणाच्या थोरवीवर अथवा परंपरेवर विसंबून काही स्वीकारू नये, स्वतः पारखून घ्यावे, असा आहे. जो धम्म गुरूचे वचनही पारखून घेण्यास सांगतो, त्याच्या अनुयायांनी पूर्वसूरींचे मूल्यमापन एकाच प्रश्नाच्या उत्तरावरून करणे युक्त नव्हे. ज्या प्रश्नावर बनसोडे थांबले तो महत्त्वाचा होता. पण त्या प्रश्नापर्यंत समाजाला आणून पोहोचविण्यात त्यांचा वाटा होता, हेही तितकेच खरे आहे. त्यांनी ज्यांना वाचावयास शिकविले त्यांनी पुढे ‘जनता’ वाचले. ज्या वस्त्यांना त्यांनी सभांची सवय लावली, त्याच शहरात जुलै १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म झाला आणि त्याच वेळी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या महिला परिषदेला हजारो स्त्रिया आल्या. आणि त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी त्यांच्याच वाचकांची मुले दीक्षाभूमीवर शुभ्र वस्त्रे परिधान करून उभी राहिली. जो मार्ग त्यांनी स्वतः स्वीकारला नाही, त्या मार्गावर चालण्याचे बळ त्यांच्याच शाळेने आणि छापखान्याने अनेकांना दिले. समाजसेवकाच्या आयुष्यात असे घडते. शिक्षक जे शिकवितो त्याच्या पलीकडे विद्यार्थी गेला, तर तो शिक्षकाचा पराभव नसतो.

याविषयी खुद्द बाबासाहेबांची वृत्ती काय होती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. १९४८ साली त्यांचा अस्पृश्यांच्या मूळ उत्पत्तीविषयीचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी अस्पृश्यांत जन्मलेल्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. त्यांतील दोन नावे नंदनार आणि रविदास. तिसरे नाव चोखामेळा. धर्मांतराची घोषणा करून तेरा वर्षे लोटली होती, आणि तरीही त्या महामानवाला चोखोबांचे ऋण नाकारावेसे वाटले नाही. चोखोबांचा मार्ग त्यांनी सोडला होता, त्यांची वेदना त्यांनी सोडली नव्हती. हा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा बनसोडे हयात नव्हते. ते असते तर ती अर्पणपत्रिका वाचून त्यांना काय वाटले असते, याचा विचार आमच्या मनात अनेकदा येतो.

आपली ही निवासी शाळा बुद्धविचारांवर उभी आहे. येथे सकाळी त्रिशरण-पंचशील होते आणि त्यानंतर मुले-मुली एकत्र बसून धडे गिरवितात. येथून बाहेर पडलेले विद्यार्थी आज शिक्षक, परिचारिका, अभियंते, लेखनिक, शेतकरी, कामगार अशा नानाविध क्षेत्रांत आहेत. त्यांनी आपल्या शाळेचा इतिहास सांगताना तो स्थापनेच्या वर्षापासून सुरू करू नये, अशी आमची विनंती आहे. तो १९०७ पासून, पाचपावलीपासून सुरू करावा. ज्या बापाने गिरणीतील मजुरीवर पाणी सोडून आपली नऊ वर्षांची मुलगी त्या शाळेत पाठविली, त्याचे नाव कोणत्याही कागदावर नाही. पण आपल्या वसतिगृहात मुलीला सोडून एकट्याने परतीची बस पकडणारा प्रत्येक पालक त्याचाच वारस आहे.

आपल्या वस्त्यांत आजही जयंत्या होतात, मिरवणुका निघतात, त्या व्हाव्यातच. परंतु त्या दिवशी एखादी अभ्यासिका उघडावी, एखाद्या गळती झालेल्या मुलीला पुन्हा शाळेत आणावे, एखाद्या तरुणाच्या हाती त्याने स्वतः लिहिलेला वृत्तांत छापून द्यावा, तर ते किसन फागुजींचे खरे स्मरण ठरेल. आणि आपल्यात मतभेद झाले, ते तर होणारच, तर मतभेद झालेल्या माणसाचे काम पुसून टाकू नये, एवढा धडा त्यांच्या आयुष्याकडून आपण घ्यावा.

पाचपावलीच्या त्या पहिल्या शिक्षकाच्या स्मृतीस आम्ही विनम्र अभिवादन करतो. जय भीम.